व्हिएन्नातले फ्रँकफुर्टर

पदार्थाला गावाचे नाव चिकटावे यात नवल नाही. सुरतेची घारी, धारवाडचा पेढा, बेळगावचा कुंदा, आग्र्याचा पेठा ही नावे उच्चारली की जिभेबरोबर गावही आठवते. पदार्थ परगावी निघाला म्हणजे आपले गाव नावात बांधून नेतो. स्वतःच्या गावी मात्र त्याला नुसता पेढा किंवा नुसता कुंदा म्हणतात. घरच्या माणसाला आडनावाने हाक मारण्याचे कारण नसते. परंतु जो जेथे जाईल तेथे दुसऱ्याच गावच्या नावाने ओळखला जातो, असा एक पदार्थ 2025 च्या मे महिन्यात आमच्या पानात आला. त्याविषयी वार्षिकासाठी लिहून द्यावे असा संपादक-मंडळाचा आग्रह पडला. आम्ही ह्या शाळेचे जुने विद्यार्थी, आमची कन्याही ह्याच शाळेची. तेव्हा नाही म्हणणे जड गेले.

आमची कन्या व जावई गेली बारा वर्षे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे राहतात. जावई मूळचे इंदूरचे, म्हणजे आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी. नातू अकरा वर्षांचा, त्याच शहरात जन्मलेला. आम्ही उभयता त्यांच्याकडे पाच आठवडे राहून आलो. राजवाडे पाहिले, चित्रसंग्रह पाहिले, सेंट स्टीफनच्या मंदिराच्या मनोऱ्याकडे मान दुखेपर्यंत पाहिले. त्यांची वर्णने छापील पुस्तकांत आमच्यापेक्षा चांगली सापडतील. येथे एका संध्याकाळच्या जेवणापुरतेच सांगावयाचे आहे.

व्हिएन्ना शहरात चौकाचौकात सॉसेजच्या टपऱ्या आहेत. तेथील भाषेत त्यांना व्युर्स्टेलश्टांड म्हणतात. सॉसेज म्हणजे बारीक वाटलेले, मीठ-मसाला घातलेले मांस आतड्याच्या पातळ आवरणात भरून केलेली कांडी. गोव्याचे चोरीस ज्यांनी पाहिले आहे त्यांना कल्पना येईल, मात्र चोरीसचा झणझणीतपणा यात नाही. साम्राज्याच्या काळी युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना उपजीविकेसाठी असे फिरते गाडे चालविण्याचे परवाने देत, अशी ह्या टपऱ्यांची जन्मकथा सांगतात. पुष्कळ वर्षे हे गाडे फिरतेच होते; एका जागी पक्के उभे राहण्याची मुभा त्यांना 1960 नंतरच्या दशकात मिळाली. येथे बसावयास जागा नसते. एक उंच फळी असते, तिच्यावर कोपर टेकून उभ्यानेच खावयाचे. आमच्या मुक्कामात एका रात्री ऑपेरा सुटल्यावर आम्ही पाहिले, की रेशमी झगा घातलेल्या एक बाई, काळा कोट घातलेले त्यांचे यजमान आणि कामावरून परतणारा एक ट्रामचालक तिघेही त्याच फळीवर, त्याच कागदी बशीतून, त्याच मोहरीत बुडवून खात होते. ह्या टपरी-संस्कृतीला ऑस्ट्रियाने नोव्हेंबर 2024 मध्ये आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले. तेथील कॉफीगृहांना तो मान 2011 सालीच मिळाला होता. टपरीला तेरा वर्षे अधिक थांबावे लागले. टपरीच्या नशिबी हे सगळीकडेच असते.

आम्हांला त्या फळीवर खाणे आवडले असते. परंतु सौ. चे गुडघे दुखतात आणि कन्येच्या मनात दुसरेच होते. तिने शहराच्या मध्यभागातील एका उंची उपाहारगृहात पाच जणांचे टेबल आधीच राखून ठेवले होते. तेथे हॉट डॉग आणि सॉसेज ह्यांखेरीज दुसरे काही मिळत नाही, परंतु थाट असा की जणू सरदाराची पंगत. जुन्या इमारतीचा कमानदार तळमजला, पांढऱ्या शुभ्र चादरी, कापडी हातरुमाल, प्रत्येकापुढे काट्या-सुऱ्यांच्या दोन जोड्या, आणि हातात ताठ पुठ्ठ्याची पदार्थपत्रिका. वाढपी काळ्या जाकिटात, पन्नाशीचा, गंभीर चेहऱ्याचा; एखाद्या बँकेचा व्यवस्थापक शोभला असता. उभ्याने खाण्याच्या वस्तूला मखमली खुर्चीत बसविण्याची ही हौस आपल्याकडेही आली आहेच. पंचतारांकित हॉटेलात चिनी मातीच्या बशीत पाणीपुरी देतात, तिथे पुरी फुटून सदऱ्यावर ओघळली तर दोष कोणाचा, हे आम्हांस अद्याप समजलेले नाही.

पत्रिका जर्मन भाषेत होती. नातवाने ती आम्हांस वाचून दाखविली, आणि वाचता वाचता ती पत्रिका नव्हे, नकाशा आहे असे आम्हांस वाटू लागले. देब्रेत्सिनर, हे हंगेरीतील देब्रेत्सेन गावावरून. क्रायनर, हे क्रायन प्रांतावरून. हा प्रांत आता स्लोव्हेनिया देशात आहे. ही गावे व हे प्रांत एके काळी हॅब्सबर्ग घराण्याच्या एकाच साम्राज्यात होते. साम्राज्य 1918 साली मोडले, सीमा नव्याने आखल्या गेल्या, पण पत्रिकेतून ती गावे उठली नाहीत. त्यावरून भांडणे मात्र झाली. क्रायनर हे नाव आमचे आहे, ते ऑस्ट्रियाने वापरू नये, असा वाद स्लोव्हेनियाने 2012 मध्ये उपस्थित केला. शेवटी 2015 मध्ये युरोपीय संघाने मूळ क्रायनी सॉसेजचे नाव स्लोव्हेनियाच्या नावे नोंदविले आणि व्हिएन्नाकरांना त्यांचा चीज घातलेला क्रायनर त्याच नावाने विकण्याची मोकळीक ठेवली. सीमावाद काय असतो हे आपल्याला सांगावयास नको. सॉसेजचा सीमावाद तीन वर्षांत मिटला, हे मात्र नमूद करून ठेवण्यासारखे आहे.

पत्रिकेत सर्वांत वर होते फ्रँकफुर्टर. "म्हणजे फ्रँकफुर्ट गावचे," असे आम्ही म्हणालो, तेव्हा नातू हसला. "आजोबा, हे इथलंच आहे. फ्रँकफुर्टला गेलात तर तिथे ह्यालाच वीनर म्हणतात. वीनर म्हणजे व्हिएन्नाचं."

ही मौज जावयांनी नीट उलगडून सांगितली. योहान गेओर्ग लाहनर नावाचा एक खाटीक 1772 साली जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातील एका खेड्यात जन्मला. धंदा शिकला फ्रँकफुर्टला. तेथून पोटासाठी व्हिएन्नाला आला, आणि तेथे 1805 मध्ये त्याने डुकराचे व गाईबैलांचे मांस एकत्र वाटून एक नवे, सडपातळ सॉसेज विकावयास आणले. फ्रँकफुर्टमध्ये डुकराचे मांस विकणारे आणि गोमांस विकणारे खाटीक वेगवेगळे असत, तेथे हे मिश्रण जमले नसते असे म्हणतात. व्हिएन्नात ती आडकाठी नव्हती. त्याने आपल्या मालाला, जेथे विद्या मिळाली त्या गावाचे नाव दिले. व्हिएन्नाने ते नाव जसेच्या तसे ठेवले. बाहेरच्या जगाने पाहिले की ही वस्तू व्हिएन्नाहून येते, म्हणून जगाने तिला व्हिएन्नाचे नाव दिले. फ्रँकफुर्टकरांचे स्वतःचे, केवळ डुकराच्या मांसाचे सॉसेज निराळेच आहे, आणि त्या नावाला जर्मनीत कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा लाहनरची ही कांडी व्हिएन्नात फ्रँकफुर्टची ठरते आणि फ्रँकफुर्टात व्हिएन्नाची. ज्या खेड्यात तो जन्मला त्याचे नाव कोठेच नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन भाषा बोलणारी माणसे बोटीत बसून अमेरिकेला गेली, तेव्हा ही कांडीही बरोबर गेली. तेथे ती लांबट पावात बसली आणि 1890 नंतरच्या दशकात तिला हॉट डॉग हे विचित्र नाव पडले. ते नाव घेऊन ती युरोपात परत आली. आज व्हिएन्नात तिला हॉट डॉगच म्हणतात, जर्मन शब्द कोणी शोधीत बसत नाही. व्हिएन्नाची करण्याची रीत मात्र निराळी. अमेरिकेत पाव मधोमध चिरतात. येथे पावाला चीर देत नाहीत. त्याचे एक टोक कापून तो तापलेल्या लोखंडी सुळ्यावर उभा खोचतात, म्हणजे आत भोक पडते आणि ते आतून भाजूनही निघते. त्यात मोहरीचा गोळा सोडतात आणि मग कांडी आत सरकवितात. म्यानात तलवार जावी तशी. हात चिकट होत नाही, काही सांडत नाही.

एवढी माहिती ऐकेपर्यंत वाढपी वही काढून उभा राहिला होता, आणि आता खरा प्रश्न आला. सौ. चा गरुडेश्वरी घेतलेला नेम आहे, त्या मांसाला शिवत नाहीत. आम्ही मटण-मासळी खातो, पण गोमांस आमच्या घरात आजवर आले नाही. कन्येने वाढप्याला सविस्तर विचारले. त्यानेही कपाळाला आठी न घालता, औषधाची पुडी देणाऱ्या वैद्याच्या काळजीने एकेका पदार्थाचे घटक सांगितले. फ्रँकफुर्टर : डुक्कर आणि गोमांस. त्यांचा चीज घातलेला क्रायनर : केवळ डुक्कर. शाकाहारी मंडळींसाठी : गाजर. होय, गाजर! अखंड गाजर मसाल्याच्या पाण्यात मुरवून, धुरावून, परतून पावात घालतात. सौ. नी गाजर घेतले. आम्ही क्रायनर घेतला. संस्थानी काळी शिकारीत मारलेल्या रानडुकराचे वाटे आमच्या आजोबांच्या घरी येत असत, त्या आधारावर आम्ही स्वतःची समजूत घातली. जावई व कन्या ह्यांनीही तेच घेतले.

नातवाने फ्रँकफुर्टर मागितले.

टेबलावर क्षणभर कोणी बोलले नाही. कन्येने आईकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "घरी नाही करत, आई. शाळेत सगळे खातात, तेव्हा खातो."

"मी काही विचारलं का?" सौ. म्हणाल्या, आणि हातरुमालाची घडी मोडून पुन्हा घातली.

पदार्थ आले. फ्रँकफुर्टर नेहमी जोडीने येते, एकटे कोणी देत नाही आणि मागतही नाही. ते उकळत नाहीत. उकळी फुटण्याच्या बरेच आधीच्या गरम पाण्यात नुसते ठेवतात, नाहीतर कातडी तडकते. मेंढीच्या आतड्याची ती कातडी इतकी पातळ असते की दात लावताच बारीकसा 'कट्' आवाज होतो, आणि तो आवाज झाला नाही तर माल शिळा समजावा, असे नातवाने आम्हांस गंभीरपणे सांगितले. त्याने ते हाताने उचलून खाल्ले. काळ्या जाकिटाच्या वाढप्याने मान डोलावली. तेथील रीत तीच असावी. पुढ्यात दोन प्रकारची मोहरी होती, एक गोड आणि एक नाकात जाणारी. त्याशिवाय क्रेन नावाचे एक मूळ ताजे किसून ठेवले होते. दिसावयास खोबऱ्याच्या किसासारखे पांढरे आणि निरुपद्रवी. आम्ही चिमूटभर तोंडात टाकले आणि डोळ्यांतून पाणी आले. मुळा आणि मोहरी यांचे भांडण लागल्यासारखी ती चव. मुलखात तिखट खात नाहीत असे ज्यांना वाटते त्यांनी हे मूळ चाखावे.

क्रायनरविषयी नातवाने आधीच बजावले होते, "आजोबा, पहिला घास जपून. आत चीज उकळतंय." आम्ही सुरीने तुकडा केला. बाहेरून खरपूस, आत धुराचा वास, आणि चीजचे लहान चौकोनी तुकडे विरघळून चिकाच्या वडीसारखे झालेले. पदार्थ उत्तम होता. अठरा युरो, म्हणजे सुमारे सतराशे रुपये, ही किंमत आठवूनही उत्तम वाटला, यावरून वाचकांनी काय ते ओळखावे. सौ. च्या गाजरालाही तीच किंमत होती. "गाजराला सतराशे?" त्या म्हणाल्या, पण पान स्वच्छ केले.

खाता खाता आम्ही नातवाला आपल्या बडोद्याच्या शेव-उसळीची गोष्ट सांगितली. ती येथे सांगितली पाहिजे, कारण पुढचे बोलणे तिच्यावरूनच निघाले. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेव, वर पातीचा कांदा, बाजूला लाल तरीची वाटी आणि पाव. बडोद्यात ती रस्त्यारस्त्यावर मिळते, गुजराती मिळून सारे शहर ती खाते, बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम मागतात. 'उसळ' हा शब्द आपला, मराठी घरातला. पण पुण्याचे पाहुणे आले म्हणजे चाखून म्हणतात, "ही मिसळ नव्हे, हे तुमचं काहीतरी गुजराती." आणि अहमदाबादचे स्नेही म्हणतात, "ही तुम्हां मराठी लोकांची चीज." आमचेही तसेच. बडोद्यात आम्ही दक्षिणी. पुण्यात आम्ही बडोदेकर. नागपूरच्या नातेवाइकांच्या लग्नात तर आमची ओळख 'गुजरातचे व्याही' अशी करून देतात. आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या दांडिया बाजारातल्या एकाच घरात गेल्या, तरी हे चालूच आहे.

नातवाने उरलेल्या फ्रँकफुर्टरकडे बोट दाखवून म्हटले, "मग तुम्ही हे आहात!"

सगळे हसले. आम्हीही हसलो. आणि त्या हसण्याचा धागा धरून कन्या म्हणाली, "बाबा, एक सांगायचं होतं. आम्ही इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. तिघांचाही."

ऑस्ट्रियाचे नागरिकत्व मागावयाचे तर सामान्यतः दहा वर्षे तेथे कायदेशीर राहिलेले असावे लागते, भाषेची परीक्षा असते, इतिहासाची व राज्यव्यवस्थेची परीक्षा असते, आणि ते मिळताना पहिले नागरिकत्व सोडावे लागते. आपल्या देशाचा 1955 चा नागरिकत्व कायदाही दोन देशांचे नागरिक होऊ देत नाही. म्हणजे एक घ्यावयाचे तर दुसरे ठेवता येत नाही. केवळ तेथे जन्मला म्हणून मूल त्या देशाचे होत नाही, त्यामुळे आमच्या नातवाकडेही आजवर भारताचाच पासपोर्ट होता. हे सारे आम्हांस ठाऊक होते. तरी ते वाक्य टेबलावर पडले तेव्हा हातातला काटा बशीवर वाजला.

"गरज आहे का?" आम्ही विचारले.

"बारा वर्षं आम्ही इथे कर भरतो, बाबा. गेल्याच महिन्यात, 27 एप्रिलला, व्हिएन्नाची निवडणूक झाली. आमच्या गल्लीतल्या शाळेत मतदान होतं. शेजारच्या आजी काठी टेकत गेल्या आणि आम्ही खिडकीतून पाहत बसलो. ह्याची शाळा, ह्याची ट्राम, ह्याचं मैदान, सगळं ठरवणार ते. आम्ही फक्त बघणार."

"तिकडे तुला मत होतं."

"होतं. मी एकदाच दिलं. मग इथे आले."

आम्ही आजवर बडोद्यातली एकही निवडणूक चुकविलेली नाही. ताप अंगात असतानाही जाऊन आलो आहोत. त्यामुळे तिचे बोलणे आम्हांस कळले, आणि कळले म्हणूनच अधिक लागले. आम्ही तिला तिच्या आजोबांची आठवण दिली. आमचे वडील 1928 सालचे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात जन्मले. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि आमचे घर गुजरातेत आले. चुलते तेव्हा पुण्याला निघून गेले. वडिलांनाही चल म्हणत होते. वडील गेले नाहीत. मुलांना मराठी शाळेत घातले, स्वतः गुजराती कचेरीत नोकरी केली, आणि घराचा उंबरा सोडला नाही.

कन्या शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आजोबांचं राज्य दोनदा बदललं, बाबा, आणि दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारलं नाही. मला निदान विचारलं तरी."

ह्याला उत्तर देता येण्यासारखे होते. उंबऱ्यावर उभे असताना राज्य पायाखालून सरकणे आणि आपण होऊन उंबरा ओलांडणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही तिला सांगू शकलो असतो. आजही आमचे मत तेच आहे. परंतु समोर नातू बसला होता. त्याला हा वाद आपल्याविषयी आहे हे समजत होते आणि तो मोहरीच्या बशीत पावाचा तुकडा उगाच फिरवीत होता. सौ. नी त्याच्या पानाकडे पाहिले. जोडीतले एक फ्रँकफुर्टर तसेच होते. त्या म्हणाल्या, "संपव ते. अन्न टाकू नये."

त्याने आजीकडे पाहिले, खरेच म्हणते आहे ना, याची खात्री करून घेण्यासारखे. आणि मग खाल्ले.

"आणि तिकडे यायचं असलं म्हणजे?" सौ. नी कन्येला विचारले. "व्हिसा लागणार? पाहुण्यासारखा?"

नाही, असे जावयांनी सांगितले. परदेशस्थ भारतीयांसाठी 2005 सालापासून एक कार्ड आहे. ते काढले की येण्याजाण्यास व्हिसा लागत नाही. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, एवढेच. "शेतजमीन आपली आहेच कुठे!" सौ. म्हणाल्या, आणि त्या विषयापुरता त्यांचा प्रश्न मिटला. आमचा मिटला नाही. प्रश्न जमिनीचा नव्हता आणि व्हिसाचाही नव्हता. पुढच्या वर्षी नातू बडोद्याला येईल तेव्हा विमानतळावर त्याला परदेशी लोकांच्या रांगेकडे पाठवितील की काय, आणि पाठविलेच तर तो तिकडे वळताना मागे पाहील की नाही, हा तो प्रश्न. असला प्रश्न विचारता येत नाही, म्हणून आम्ही वाढप्याला आणखी थोडे क्रेन मागितले. डोळ्यांत पाणी आले तर कारण पुढ्यात असावे.

वाढपी क्रेन घेऊन आला आणि इंग्रजीत विचारता झाला, पाहुणे कोठले? जावई म्हणाले, इंडिया. नातू जर्मनमध्ये काहीतरी लांबलचक सांगू लागला. त्यात 'बडोदा' हा शब्द आम्हांस दोनदा ऐकू आला. वाढप्याने मान डोलावली आणि तो स्वतः झाग्रेबचा आहे असे सांगितले. म्हणजे तोही क्रायनरप्रमाणे जुन्या नकाशातून आलेला. त्याला येथे तीस वर्षे झाली होती. त्याने नागरिकत्व घेतले आहे काय, असे विचारण्याचा मोह आम्ही आवरला.

बिल शंभर युरोंच्या वर गेले. ते आम्ही देण्यासाठी हात पुढे केला, आणि जावयांनी तो विनयाने मागे सारला. इंदूरचे असले तरी ह्या बाबतीत ते अगदी बडोद्याचे आहेत. बाहेर आलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते तरी लख्ख उजेड होता. मे महिन्यात तेथे सूर्य सावकाश मावळतो. कोपऱ्यावरच्या टपरीपुढे माणसे उभी राहून खात होती, आणि धुराचा तोच वास येत होता ज्याचे आम्ही आत सतराशे रुपये मोजले होते. ट्रामच्या थांब्यापर्यंत कोणी फारसे बोलले नाही. नातवाने आजीचा हात धरला होता. तिच्या गुडघ्यांसाठी तो पावले लहान टाकीत होता.

ट्रामची वाट पाहताना आम्ही कन्येला विचारले, की जुन्या पासपोर्टचे काय करतात? तो वकिलातीत जमा करावा लागतो, ती म्हणाली. त्यावर रद्द झाल्याचा शिक्का मारून तो परत देतात.

"मग तो इथे ठेवू नकोस," आम्ही म्हणालो. "तिघांचेही बडोद्याला पाठव."

"कशाला, बाबा? त्याचा काही उपयोग नसतो."

दांडिया बाजारातल्या घरात माडीवर एक लाकडी कपाट आहे. त्याच्या वरच्या खणात आमच्या वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आहे, बडोदे संस्थानच्या मुद्रेचा. त्याचाही आता कोठे उपयोग नाही. दर दिवाळीला आम्ही तो काढून पुसतो आणि नव्या कागदात गुंडाळून परत ठेवतो. त्या खणात जागा पुष्कळ आहे, एवढेच आम्ही तिला सांगितले. ती हो म्हणाली. तेवढ्यात ट्राम आली.